खाण्यातून पोटात जाणारं बुरशीचं विष मोजताना या चुका टाळा

पोत्यातल्या ज्वारीत अफ्लाटॉक्सिन, म्हणजे धान्यावरच्या बुरशीने तयार केलेलं विष, किती आहे हे शोधणं एक काम आहे. ती ज्वारी खाणाऱ्या बाईच्या, तिच्या लेकराच्या पोटात रोज किती जातं हे शोधणं दुसरं. पहिलं काम प्रयोगशाळा करते. दुसऱ्यासाठी चुलीपाशी बसावं लागतं, ताटात बघावं लागतं आणि माणसाला वजनकाट्यावर उभं करावं लागतं. विदर्भातल्या गावांत अशी पाहणी करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या, आरोग्य कार्यकर्त्यांच्या आणि संस्थांच्या चुका बहुतेक या दोन कामांच्या मधल्या जागेत होतात.

सूत्र साधं आहे. किलोमागे किती विष, त्याला गुणिले दिवसाला किती खाल्लं, भागिले शरीराचं वजन. चार मायक्रोग्रॅम प्रति किलो अफ्लाटॉक्सिन बी१ (अफ्लाटॉक्सिनचा सगळ्यात घातक प्रकार) असलेल्या ज्वारीच्या ३०० ग्रॅम पिठाच्या भाकरी ५० किलो वजनाच्या माणसाने खाल्ल्या, तर दिवसाला १.२ मायक्रोग्रॅम पोटात गेलं. म्हणजे वजनाच्या किलोमागे २४ नॅनोग्रॅम (हजार नॅनोग्रॅमचा एक मायक्रोग्रॅम). त्याच पिठातलं १०० ग्रॅम खाणाऱ्या १२ किलोच्या मुलाला किलोमागे ३३ नॅनोग्रॅम पडतात. ताट लहान, तरी मार मोठा. म्हणून ‘सरासरी माणूस’ ६० किलोचा धरून सगळ्या घराला एकच आकडा देऊ नका. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली संदर्भ पुरुषाचं वजन ६५ आणि स्त्रीचं ५५ किलो धरलं आहे, पण ते संदर्भासाठी. मेळघाटातल्या किंवा गडचिरोलीतल्या पाहणीत प्रत्येकाचं वजन स्वतः करा.

वरच्या मुठीचा नमुना

सगळ्यात महाग पडणारी चूक इथे होते, आणि पुढे कितीही चांगलं यंत्र वापरलं तरी ती भरून निघत नाही. अफ्लाटॉक्सिन धान्यात सारखं पसरलेलं नसतं. शेंगदाण्यात तर हजारो दाण्यांमागे एखादाच बाधित असतो, पण त्या एका दाण्यात किलोमागे दहा लाख मायक्रोग्रॅमच्या हिशेबाने विष सापडल्याची नोंद आहे. असा अर्ध्या ग्रॅमचा एकच दाणा पाच किलो शेंगदाण्यांत आला तर सगळ्या पाच किलोची पातळी किलोमागे १०० मायक्रोग्रॅमवर जाते. तुमच्या १०० ग्रॅमच्या पुडीत तो दाणा आला नाही तर अहवाल ‘आढळले नाही’ म्हणेल. आला तर अहवाल बघून घर घाबरून जाईल. दोन्ही चुकीचंच.

घरातल्या ५० किलोच्या पोत्यातून किंवा कोठीतून वर, मध्ये, तळाशी आणि कडेला मिळून किमान दहा जागी पोकळ नळी खुपसून प्रत्येकी १०० ग्रॅम काढा. एक किलो होईल. कोठीचा तळ आणि भिंतीला टेकलेली बाजू सोडू नका, ओल तिथेच धरते. मग तो सगळा किलो दळा आणि दळलेल्या पिठातून ५० ग्रॅम चाचणीला घ्या. दाणे अख्खे असताना वाटण्या करून त्यातली एक दळणं हा शॉर्टकट सर्रास दिसतो. तो घेतला की नमुना काढायची सगळी मेहनत वाया जाते. पीठ ०.८५ मिलिमीटरच्या चाळणीतून जाईल इतकं बारीक हवं. शेंगदाणे नुसते मिक्सरमध्ये घातले तर तेल सुटून लगदा होतो आणि गरमही होतो. ते आधी फ्रीझरमध्ये गार करा, किंवा वजनाइतकं पाणी घालून खळ करा आणि हिशेबात ते पाणी वजा करा.

घरातून एक किलो धान्य उचलणं म्हणजे गरीब कुटुंबाच्या दिवसभराच्या भाकरी नेणं. तेवढंच चांगलं धान्य त्याच वेळी परत द्या. हा खर्च अंदाजपत्रकात पहिल्यापासून धरा.

गावातल्या गिरणीवर नमुना दळू नका. जात्यात आधीच्या गिऱ्हाइकाचं पीठ अडकलेलं असतं. स्वतःचं दळणयंत्र असेल तर दोन नमुन्यांच्या मध्ये ब्रशने साफ करून १०० ग्रॅम स्वच्छ धान्य दळून फेका. घरात आधीच दळून ठेवलेलं पीठ घ्यायचं असेल तर मात्र गिरणीत मिसळलेलं परकं पीठही घ्यावंच लागतं, कारण ते घर तेच खातं.

सूप विसरू नका

धान्य पोत्यातून थेट तव्यावर जात नाही. बाया ते पाखडतात, निवडतात, काळे, सुरकुतलेले, किडके दाणे काढतात. निवडण्याने विष बरंच कमी होऊ शकतं, शेंगदाण्यात तर ठळकपणे. पोत्यातला नमुना तपासून तोच आकडा खाण्याला लावला की विषाचा अंदाज जास्त येतो. उलट, निवडलेलंच धान्य तपासलं आणि बाजूला काढलेली चुरी त्याच घरात कण्यांत शिजवली जात असेल, तर अंदाज कमी येतो. काढून टाकलेले दाणे कुठे जातात हे विचाराच. बहुतेकदा ते कोंबड्यांना किंवा ढोरांना जातात.

म्हणून जमेल तिथे नमुना भाकरीच्या सगळ्यात जवळच्या टप्प्यावर घ्या, म्हणजे निवडून दळलेल्या पिठाचा. भाकर भाजल्याने अफ्लाटॉक्सिन नाहीसं होतं अशी समजूत ठेवू नका. ते साधारण २५० अंशांच्या पुढेच नीट मोडायला लागतं आणि भाकरीचा गाभा शिजताना १०० अंशांच्या आसपासच राहतो. शिजवलेलं अन्न तपासलं तर वजनही शिजवलेल्याचंच धरा. १०० ग्रॅम पिठाची भाकर पाण्यामुळे १४०–१५० ग्रॅम भरते. पिठातली पातळी भाकरीच्या वजनाला गुणली की उत्तर जवळपास दीडपट फुगतं. ही चूक मोठमोठ्या तक्त्यांतही लपलेली असते.

काळी ज्वारी बघून निष्कर्ष काढणंही टाळा. कापणीच्या वेळी पाऊस आला की खरीप ज्वारी काळी पडते. त्यातला बराच काळेपणा कर्व्ह्युलारिया आणि आल्टर्नेरिया बुरशीचा असतो आणि या बुरशी अफ्लाटॉक्सिन तयार करत नाहीत. गुलाबी, पांढुरकी झाक देणारी फ्युजेरियम बुरशी फ्युमोनिसिन हे वेगळं विष देऊ शकते. आणि दिसायला टपोऱ्या दाण्यातही विष असू शकतं. रंगावरून काय तपासायचं ते ठरवा. किती आहे ते चाचणीवर सोडा.

‘रोज किती भाकरी खाता?’

हा प्रश्न विचारला की उत्तर येतं ‘दोन-तीन’. ते कोणत्याच दिवसाचं नसतं. त्याऐवजी असं विचारा: ‘काकू, काल सकाळी उठल्यापासून काय काय खाल्लं ते सांगा.’ चहापासून रात्रीच्या भातापर्यंत क्रमाने जा, शेतात नेलेली शिदोरी, बाजारात घेतलेला चिवडा, कुणाच्या घरचं जेवण, काही सोडू नका. एका माणसाचे किमान दोन दिवस घ्या, लागोपाठचे नकोत, कारण काल उरलेलं वरण आजही ताटात असतं.

भाकरीची संख्या मोजू नका, पीठ मोजा. एका घरातली भाकर दुसऱ्या घरातल्या भाकरीच्या दुप्पट असू शकते. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा न्या. मळायच्या आधी पीठ तोला, किती उंडे झाले ते मोजा आणि भागा. पायली, कुडव, वाटी यांना पुस्तकातलं वजन लावू नका, त्याच घरातलं माप तोलून घ्या. भात हंडीतून किती निघाला यावरून घरातल्या माणसांत सारखा वाटू नका. बाई शेवटी जेवते. तिच्या ताटात भात जास्त आणि वरण कमी असू शकतं. लेकरू आईच्या ताटातूनच खातं. त्याचा घास वेगळा काढून तोला.

पूर्व विदर्भात तांदूळ, पश्चिमेकडे ज्वारी आणि गहू, वर रेशनचं धान्य. एकाच जिल्ह्यात ताट बदलतं. पण सगळ्यात जास्त सुटतात ते शेंगदाणे, कारण ते ‘जेवण’ म्हणून कुणी सांगत नाही. भाजीतला दाण्याचा कूट, चटणी, आणि उपवासाच्या दिवशी साबुदाण्याची उसळ, भगरीबरोबरची दाण्याची आमटी. चतुर्थी, एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र वगळून केलेली पाहणी शेंगदाण्याचा वाटा फार कमी दाखवते. निदान एक उपवासाचा दिवस मुद्दाम धरा, मग वर्षभरातल्या उपवासांच्या प्रमाणात त्याला वजन द्या.

दूधही विसरू नका. विदर्भात जनावरांना सरकीची ढेप घालतात. ढेपेतलं अफ्लाटॉक्सिन बी१ जनावराच्या शरीरात बदलून एम१ या रूपात दुधात उतरतं. दुधासाठी भारतातली मर्यादा किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅम आहे. लहान मुलाच्या हिशेबात दूध नसेल तर तो हिशेब अपुरा आहे.

एकाच ऋतूत उरकलेली पाहणी

दिवाळीनंतरचं धान्य आणि पोळ्याच्या सुमाराचं धान्य एक नसतं. फ्युमोनिसिन मुख्यतः शेतातच तयार होतं, ओल्या कणसात. १९९५ साली आंध्र आणि कर्नाटकातल्या गावांत पावसात भिजलेली ज्वारी आणि मका खाऊन पोटदुखी व जुलाबाची साथ आली होती, ती याच विषाशी जोडली गेली. अफ्लाटॉक्सिन शेतातही होतं, विशेषतः पाण्याचा ताण पडलेल्या भुईमुगात आणि मक्यात, पण पुढे साठवणीतल्या ओलीत वाढत जातं. कापणीनंतर, उन्हाळ्याच्या शेवटी आणि भाद्रपदाच्या आसपास अशा तीन फेऱ्या कराव्यात. दोनच परवडत असतील तर कापणीनंतरची आणि पावसाळ्याच्या शेवटची करा.

नमुना नेताना ओलं धान्य प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून उन्हात उभ्या गाडीत ठेवलं तर बुरशी वाटेतच वाढते आणि तुम्ही गावाचं नाही, गाडीचं विष मोजता. ओलावा १२–१३ टक्क्यांच्या वर असेल तर आधी वाळवा, कागदी किंवा कापडी पिशवीत भरा, प्रयोगशाळेत उणे २० अंशांवर ठेवा. लोडशेडिंगच्या वेळी फ्रीझर कशावर चालणार हे आधी ठरवा.

‘आढळले नाही’ म्हणजे शून्य नव्हे

इथे थांबून नीट विचार करा, कारण पुष्कळ अहवालांचा निष्कर्ष विषावर नाही, या एका निवडीवर उभा असतो. समजा तुमचा एलायझा किट (विष पकडणारी तयार चाचणी) धान्याच्या किलोमागे एक मायक्रोग्रॅमच्या खाली बघू शकत नाही. ‘आढळले नाही’ला शून्य धरलं तर ३०० ग्रॅम पीठ खाणाऱ्या ५० किलोच्या माणसाच्या पोटात शून्य जातं. एक धरलं तर रोज शरीराच्या वजनाच्या किलोमागे ६ नॅनोग्रॅम. अफ्लाटॉक्सिनला ‘एवढं चालेल’ अशी सुरक्षित मात्रा ठरवलेली नाही. ते माणसात यकृताचा कर्करोग करतं हे पक्कं आहे. म्हणून युरोपीय अन्नसुरक्षा संस्था वजनाच्या किलोमागे दिवसाला ०.४ मायक्रोग्रॅम, म्हणजे ४०० नॅनोग्रॅम, हा संदर्भबिंदू घेते आणि त्याला प्रत्यक्ष मात्रेने भागते. भागाकार १०,००० च्या खाली आला की काळजीचं कारण. सहाने भागलं तर ६७ येतं. म्हणजे एकही नमुना सकारात्मक न येता एकाच गावाचा निष्कर्ष ‘काही नाही’ आणि ‘फार गंभीर’ असा दोन टोकांना जाऊ शकतो.

उपाय दोन. शक्य तितकी खालची पातळी पकडणारी पद्धत वापरा, म्हणजे लिक्विड क्रोमॅटोग्राफीला मास स्पेक्ट्रोमेट्रीची जोड. आणि निकाल नेहमी दोन टोकांनी द्या, शून्य धरून आणि शोधमर्यादा, म्हणजे चाचणीला दिसणारी सगळ्यात खालची पातळी, धरून. जागतिक आरोग्य संघटनेच्या जुन्या मार्गदर्शनानुसार साठ टक्क्यांपर्यंत नमुने ‘न आढळलेले’ असतील तर शोधमर्यादेचा अर्धा आकडा धरतात. त्याहून जास्त असतील तर दोन्ही टोकं दाखवतात.

एलायझा वापरत असाल तर ‘एकूण अफ्लाटॉक्सिन’चा आकडा बी१ म्हणून लिहू नका. रंगीत ज्वारीतले टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्यं, चाचणीत गडबड करतात. विष नसलेल्या ज्वारीत ठराविक विष मिसळून किती परत मिळतं ते बघा. ७० ते ११० टक्क्यांच्या बाहेर गेलं तर पद्धत त्या धान्याला लागू नाही. आणि धान्यातल्या अफ्लाटॉक्सिनची किलोमागे १५ मायक्रोग्रॅमची भारतीय मर्यादा पाळली म्हणजे खाणं सुरक्षित झालं असं समजू नका. ती व्यापाराची मर्यादा आहे, रोज ३०० ग्रॅम ज्वारी खाणाऱ्याच्या ताटाची नाही. फ्युमोनिसिनचं तसं नाही. त्याला शरीराच्या वजनाच्या किलोमागे दिवसाला दोन मायक्रोग्रॅम अशी सहन होणारी मात्रा आहे. ५० किलोच्या माणसाला रोज १०० मायक्रोग्रॅम. किलोमागे ५०० मायक्रोग्रॅम असलेल्या ३०० ग्रॅम पिठाने ती ओलांडली जाते.

सरासरी पातळीला सरासरी खाण्याने गुणून काम संपवू नका. ज्या घरात जास्त विष आणि जास्त खाणं एकत्र आलं ते घर सरासरीत दिसत नाही. प्रत्येक माणसाचा आकडा वेगळा काढा, मग मध्य आणि ९५ वा शतमक (शंभरातले ९५ जण ज्याच्या खाली येतात तो आकडा) द्या.

रक्त आणि लघवी

लघवीतलं एम१ गेल्या एक-दोन दिवसांचं खाणं सांगतं. खाल्लेल्या बी१ पैकी साधारण एक-दोन टक्केच त्या रूपात बाहेर पडतात. रक्तातल्या अल्ब्युमिनला चिकटलेलं अफ्लाटॉक्सिन दोन-तीन महिन्यांचं सांगतं, कारण अल्ब्युमिनचं अर्धायुष्य सुमारे २० दिवसांचं असतं. आज लघवी घेऊन तिची तुलना कापणीनंतरच्या धान्याशी करू नका. लघवीचा आकडा क्रिएटिनिनने (लघवी किती दाट आहे ते दाखवणारा घटक) जुळवा, नाहीतर उन्हात राबून कमी पाणी प्यालेल्या मजुराचा आकडा उगाच वाढलेला दिसेल. दूध पिणाऱ्याच्या लघवीतलं एम१ थेट दुधातूनही आलेलं असू शकतं, तेव्हा दुधाचा प्रश्न इथेही विचारा. हिपॅटायटिस बीची लागण असेल तर त्याच मात्रेने यकृताच्या कर्करोगाचा धोका सुमारे ३० पट मोठा असतो. रक्त घेतच आहात तर परवानगीने ती तपासणी जोडा. निकाल मात्र त्या माणसालाच, एकांतात सांगा.

धान्याचा निकालही घरी पोचवा, महिनाभरात, साठा संपायच्या आत. पातळी जास्त असेल तर नुसतं ‘हे खाऊ नका’ म्हणून निघून येऊ नका. ते धान्य ढोरांना घातलं की दुधातून परत येईल, बाजारात विकलं की दुसऱ्या घरात जाईल. बदली धान्य देण्याची सोय आणि बाधित साठा ताब्यात घेऊन नष्ट करण्याची सोय पाहणी सुरू होण्याआधीच लावून ठेवा.