सनरूफच्या गाडीत पावसाचं पाणी येतंय? आधी वाट शोधा, मग सीलंट

सनरूफ असलेल्या गाडीत ओल दिसली की पहिला संशय काचेच्या रबरावर जातो आणि लगेच सिलिकॉनची ट्यूब बाहेर येते. तिला हात लावू नका. सनरूफचं रबर सगळं पाणी अडवण्यासाठी बनवलेलंच नसतं. काचेच्या कडेने थोडं पाणी आत उतरणार हे गृहीत धरून खाली पन्हळ दिलेली असते. तिच्या कोपऱ्यांतून बहुतेक गाड्यांत चार नळ्या निघतात. पुढच्या दोन ए-पिलरमधून, म्हणजे पुढच्या काचेच्या बाजूच्या खांबांतून, खाली येतात, मागच्या दोन मागच्या पिलरमधून चाकाच्या किंवा बंपरच्या आतल्या बाजूला. गाडीत पाणी येतं ते बहुधा नळी तुंबून पन्हळ भरल्यामुळे, नळी निसटल्यामुळे किंवा पन्हळीला तडा गेल्यामुळे. वरून सिलिकॉन फासलं तर यातलं काहीच दुरुस्त होत नाही, उलट पुढच्या माणसाचं काम वाढतं.

पाणी पावसाचंच आहे ना?

हे आधी ठरवा. पाऊस नसताना, एसी चालवल्यावर पुढच्या सीटच्या पायाशी स्वच्छ पाणी साचत असेल तर एसीची ड्रेन नळी तुंबली आहे. पाणी चिकट असेल, गोडसर वास येत असेल, काचेवर आतून तेलकट धुरकट थर धरत असेल तर हीटरमधून कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, गळतंय. या दोन्हींचा सनरूफशी संबंध नाही. कूलंट विषारी असतं, तेव्हा लहान मुलं आणि पाळीव प्राणी लांब ठेवा.

पाणी पावसाचंच असेल तर ओल कुठे आहे ते नीट बघा, पण तिच्यावर पूर्ण विश्वास ठेवू नका. पाणी छताच्या अस्तरावरून, वायरिंगच्या जुडग्यावरून वाहत भलतीकडेच टपकतं. डाग दिसला तिथेच बुजवत बसणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. तरी काही खुणा कामाच्या असतात. ब्रेक मारल्यावर आतल्या आरशाजवळून किंवा छतावरच्या दिव्यातून पाणी पडलं तर पन्हळ भरलेली आहे हे जवळपास नक्की. छत कोरडं पण पुढचं कार्पेट भिजलेलं, तर पुढची नळी खालच्या टोकाला निसटलेली असू शकते, किंवा पाणी दारातून वा काउलमधून, म्हणजे वायपरखालच्या जाळीदार भागातून, येत असेल. डिकीत स्टेपनीच्या खळग्यात पाणी असेल तर मागच्या नळ्या, टेललॅम्पचं गॅस्केट, बंपरमागच्या हवा जाण्याच्या जाळ्या आणि छतावरची अँटेना हे चार संशयित. गाडी उतारावर कशी उभी होती हेही आठवा. तोंड खाली असेल तर पाणी पुढच्या कोपऱ्यांत जमतं, वर असेल तर मागच्या.

नळ्यांची चाचणी

गाडी सपाट जागी लावा आणि सनरूफ पूर्ण उघडा. पन्हळीतली पानं, माती, वाळू ओल्या फडक्याने टिपून काढा, भोकाकडे ढकलू नका. मग अरुंद तोंडाच्या बाटलीने एका पुढच्या कोपऱ्यात 100 ते 150 मिली पाणी सावकाश ओता. दुसऱ्या माणसाने त्या बाजूला खाली बघत राहायचं. नळीचं टोक गाडीप्रमाणे दाराच्या बिजागरीजवळ, फेंडरच्या आत किंवा काउलखाली असतं, नेमकी जागा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळते. पाण्यात रंग मिसळू नका, छताच्या अस्तरावर पडलेला डाग निघत नाही.

चांगल्या नळीतून काही सेकंदांत अखंड धार येते. पाणी पन्हळीत तसंच उभं राहिलं तर नळी तुंबलेली, थेंब थेंब आलं तर अर्धवट तुंबलेली. डावी आणि उजवी बाजू ताडून पाहिली की फरक लगेच कळतो. सगळ्यांत वाईट म्हणजे पाणी वरून झपाझप निघून जातं, पण खाली कुठेच येत नाही. असं झालं तर ओतणं तिथेच थांबवा. नळी निसटली किंवा फाटली आहे आणि ते पाणी गाडीच्या आत चाललंय. मोठ्या पॅनोरमिक सनरूफमध्ये मागची भोकं काचेखाली दडलेली असतात, तिथे हात पोचत नाही. अशा वेळी गाडीचं तोंड थोडं वर ठेवून बाजूच्या पन्हळीत पाणी सोडा, ते आपोआप मागे जातं.

तुंबलेली नळी खालच्या टोकापासून सुरू करा. तिथे बऱ्याचदा फट असलेलं रबरी तोंड असतं आणि तीच फट चिखलाने चिकटते. चिमटीत धरून दाबलं की ओठांसारखी उघडते आणि काळा गाळ बाहेर येतो. अनेकदा एवढ्यानेच काम होतं. नाही झालं तर गवत कापायच्या ट्रिमरची 2 ते 2.5 मिमी जाडीची नायलॉन दोरी घ्या, टोक गरम करून गोल करा आणि वरून हळूहळू फिरवत सरकवा. अडली तर जोर लावू नका. लोखंडी तार नळी फाडते. कंप्रेसरची हवा तर वरून मारूच नका, कारण दाबाने नळी अस्तराच्या आत निसटते आणि ती परत बसवायला अख्खं अस्तर उतरवावं लागतं. पाणी ओढणारा व्हॅक्युम क्लीनर खालच्या टोकाला लावणं जास्त सुरक्षित. शेवटी 200 मिली कोमट पाणी सोडा आणि चाचणी पुन्हा करा.

नळ्या ठीक असतील तर

आता होजची, म्हणजे गाडी धुवायच्या पाइपची, चाचणी. सनरूफ आणि काचा बंद करा. संशयित जागेचं कार्पेट उचला, आतल्या पत्र्याच्या सांध्यांवर खडूची पूड भुरभुरवा. पाणी आलं की पुडीत ओघळाची रेघ उमटते. एकाने टॉर्च घेऊन आत बसायचं. बाहेरच्याने नोझल काढलेल्या होजने, मंद धारेने, खालून वर जायचं: दाराचा खालचा भाग, काउल, पुढच्या काचेच्या कडा, छताच्या खाचा, अँटेना आणि सगळ्यांत शेवटी सनरूफ. डिकीसाठी टेललॅम्पपासून सुरुवात. प्रत्येक जागी किमान 5 मिनिटं थांबा. वरून सुरुवात केली तर पाणी खालच्या सगळ्या जागा भिजवतं आणि काहीच कळत नाही. प्रेशर वॉशर नको, तो धडधाकट रबरातूनही पाणी आत घालतो.

दाराबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण ते हमखास विसरलं जातं. काचेच्या फटीतून दाराच्या पोकळीत पाणी जातंच, ते खालच्या भोकांतून बाहेर पडतं. दार हलवल्यावर आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला तर भोकं तुंबलेली आहेत. डोअर पॅडच्या मागे प्लॅस्टिकचा पडदा असतो. स्पीकर किंवा काचेच्या मोटरचं काम झाल्यावर तो नीट चिकटवला नसेल तर पाणी थेट कार्पेटवर येतं. ब्युटिल टेपने, म्हणजे चिकट रबरी पट्टीने, परत चिकटवा.

सनरूफचं रबर तपासायचंच तर काच बंद करताना कागदाची पट्टी कडेत धरा आणि ओढून बघा. सगळीकडे सारखा अडसर जाणवायला हवा. काच छताच्या पातळीत हवी. बऱ्याच गाड्यांत पुढची कड 1 मिमीपर्यंत खाली आणि मागची तितकीच वर चालते, पण आपल्या मॉडेलचे आकडे मॅन्युअलमध्ये बघा. रबराला सिलिकॉन ग्रीस लावा, खनिज तेल नको, त्याने रबर फुगतं.

ए-पिलर किंवा अस्तर उघडण्याआधी

तिथे अनेक गाड्यांत कर्टन एअरबॅग, म्हणजे अपघातात बाजूच्या काचांवर पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग, असते. इग्निशन बंद करा, बॅटरीची निगेटिव्ह काढा, मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबा आणि एअरबॅगचे, बहुधा पिवळे असलेले, कनेक्टर ओढू नका. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाडीत नारिंगी केबल्सना हात लावू नका. निसटलेली नळी पन्हळीच्या तोटीवर पूर्ण चढवून क्लिप लावा. कडक झालेली नळी बदला. पन्हळीचा तडा कोरडा करून पॉलियुरेथेन सीलंटने भरा.

कार्पेट वरून सुकलं म्हणजे खालचा फोम सुकला असं नाही, तो कित्येक दिवस पाणी धरून ठेवतो. अनेक गाड्यांत सीटखाली कंट्रोल मॉड्युल आणि कनेक्टर असतात, त्यांना गंज चढतो. पाणी व्हॅक्युमने ओढा, कार्पेटखाली लाकडी ठोकळे ठेवा आणि पंखा लावून दोन-तीन दिवस वारा लागू द्या. फोमला कुबट वास राहिला तर तो बदला. कार्पेट लगेच बसवू नका. नळ्यांची आणि होजची चाचणी पुन्हा करून खालचा पत्रा कोरडा राहिला की मगच बसवा.