पलीकडच्या वळणावर मरगळणारी गाडी

घर भुसावळला, त्यामुळे रेल्वेचं वेड जन्मजातच. मामांनी दिलेली तीन रुळांची, विजेवर चालणारी जुनी ओ गेज (छोट्या मॉडेल रेल्वेचं एक माप) गाडी पलीकडच्या वळणावर मरगळायची. मी इंजिनच खोललं, उगाच! दोष रुळांत होता. नळीसारखे पत्र्याचे रूळ पिनांनी जोडतात. पिना सैल, गंजलेल्या, मग वीज पुढे पोचणार कशी? पिना पॉलिश पेपरने घासल्या, नळीचं तोंड पकडीने हलकेच दाबलं. तारेची घासणी मात्र नको, तिचे बारीक तुकडे मोटरीत शिरतात. लांबच्या टोकाला जादा वायर दिली, मधल्या रुळाची मधल्यालाच. दोन तुकडे नवे घेताना कळलं, ३१ इंची आणि २७ इंची वर्तुळाच्या रुळांची उंचीही वेगळी असते, सरळ जुळत नाहीत. आता खडखडाट एवढा की आई म्हणते, "खरं जंक्शन परवडलं!"