प्रकाशाने पोटॅशियम पलीकडे नेताना

एमएस्सीच्या प्रकल्पासाठी विषय विचारायला येणाऱ्यांना मी हा प्रयोग आवर्जून सुचवते. यात यंत्रांपेक्षा डोकं जास्त लागतं. यू आकाराची काचेची नळी घ्या. तळाशी पाण्याहून जड सेंद्रिय द्रावक आणि दोन्ही भुजांत त्यावर पाणी. एका भुजेतल्या पाण्यात पोटॅशियम आहे, दुसऱ्या भुजेतल्या पाण्यात नाही. मधला द्रावक हेच आपलं द्रव पटल. पोटॅशियम आयन त्यात आपणहून शिरत नाही, त्याला धरून नेणारा वाहक रेणू लागतो. त्या वाहकाची पकड प्रकाशाने बदलायची, एवढंच आपलं काम.

वाहक म्हणून मी जपानमधल्या सेइजी शिनकाई आणि सहकाऱ्यांनी 1980 च्या सुमारास वापरलेला रेणूच निवडते. अ‍ॅझोबेंझीन या प्रकाशाने आकार बदलणाऱ्या रेणूच्या दोन्ही टोकांना एकेक 15-क्राउन-5 चं कडं, म्हणजे आयन धरून ठेवणारं अणूंचं वलय. अतिनील प्रकाश पडला की मधला नायट्रोजनचा दुहेरी बंध ट्रान्सचा (पसरलेला) सिस (वाकलेला) होतो, रेणू फुलपाखरासारखा मिटतो आणि दोन्ही कडी समोरासमोर येतात. सोडियम एका कड्यात बेताने बसतो. पोटॅशियम त्या कड्याला मोठा पडतो, त्याला दोन कडी मिळून धरतात. म्हणून अतिनील प्रकाशात पोटॅशियमची पकड घट्ट होते, सोडियमची होत नाही. निळ्या प्रकाशात किंवा उष्णतेने रेणू पुन्हा उघडतो.

द्रावक म्हणून क्लोरोफॉर्म घेऊ नका, जुन्या कृतींत लिहिला असला तरीही. हवा आणि अतिनील प्रकाश मिळाला की त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो. ऑर्थो-डायक्लोरोबेंझीन बरं: घनता 1.3, उत्कलनबिंदू 180 अंश, म्हणून तळाशी स्थिर राहतं आणि चटकन उडत नाही. तरी काम वाफा ओढून घेणाऱ्या फ्यूम हूडमध्येच. आदल्या दिवशी ते पाण्याबरोबर हलवून ठेवा, म्हणजे दोन्ही थर एकमेकांनी संपृक्त होतील आणि प्रयोग चालू असताना आकारमान सरकणार नाही.

स्रोताच्या, म्हणजे पोटॅशियमच्या, भुजेत 0.1 मोलर पोटॅशियम हायड्रॉक्साइड आणि त्यात 1 मिलिमोलर पिक्रिक अ‍ॅसिड. त्यातून बनणारा पिक्रेट आयन पोटॅशियमच्या जोडीने पटलातून जातो, आणि पिवळा असल्यामुळे पलीकडच्या पाण्यात प्रकाशाचं शोषण मोजणाऱ्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवर 355 नॅनोमीटरजवळ मोजता येतो. पिक्रिक अ‍ॅसिड कोरडं झालं तर स्फोटक आहे, आणि त्याचे क्षारही. बाटली नेहमी ओली ठेवा, क्षार वेगळा काढू नका.

आता प्रकाश. विद्यार्थी सगळ्यात जास्त इथे अडकतात. 365 नॅनोमीटरचा एलईडी तळाच्या सेंद्रिय थरावरच पडू द्या. वरच्या भुजा अ‍ॅल्युमिनियम फॉइलने गुंडाळा, नाहीतर पिक्रेटच प्रकाश खाऊन टाकेल. अतिनील रोखणारा चष्मा घालूनच बसा. वाहक सुमारे 0.1 मिलिमोलर पुरे. जास्त घातला की पहिल्या एक-दोन मिलिमीटरमध्येच सगळा प्रकाश शोषला जातो आणि मागचा द्रावक अंधारातच राहतो. ढवळणं मात्र सारख्या वेगाने हवं. ढवळणाऱ्या चुंबकाचा वेग बदलला तर वहन बदलतं आणि श्रेय प्रकाशाला जातं. एप्रिल-मेमध्ये प्रयोगशाळा तापते तेव्हा सिस रूप लवकर उलटतं, म्हणून नळी 25 अंशांच्या पाण्यात ठेवा.

त्याआधी वाहकाचं पातळ द्रावण क्युव्हेटमध्ये (स्पेक्ट्रोफोटोमीटरच्या छोट्या पारदर्शक कुपीत) घेऊन प्रकाश दाखवा. ट्रान्सचं शोषणाचं शिखर उतरताना आणि 450 नॅनोमीटरच्या आसपासचं शोषण वाढताना दिसलं नाही, तर नळी लावायची घाई करू नका.

पकड वाढली म्हणजे वहन वाढलंच, असं होत नाही. घट्ट धरलेला पोटॅशियम पलीकडच्या पाण्याशी पोचून सुटलाच नाही, तर पटल नुसतं भरून राहतं आणि ग्राहक, म्हणजे पलीकडच्या, भुजेत रीडिंग हलत नाही. असं दिसलं तर स्रोताच्या बाजूच्या द्रावकावर अतिनील आणि ग्राहकाच्या बाजूला 450 नॅनोमीटरचा निळा एलईडी लावा, किंवा दोन्ही प्रकाश आळीपाळीने द्या. मला या प्रयोगाचा खरा अभ्यास इथेच वाटतो: धरायला एक प्रकाश, सोडायला दुसरा.

चार नळ्या एकाच वेळी चालवल्याशिवाय निष्कर्ष लिहू नका: वाहकाविना अंधारात, वाहकाविना प्रकाशात, वाहकासह अंधारात, वाहकासह प्रकाशात. ग्राहक पाण्यातलं पोटॅशियम फ्लेम फोटोमीटरवर (ज्वालेतल्या प्रकाशावरून धातू मोजणाऱ्या यंत्रावर) वेगळं तपासा, कारण पिवळेपणात पाण्यात उतरलेला वाहकही असू शकतो.

पहिल्या यशानंतर ‘प्रकाशाने आयन पंप केला’ असं लिहायचा मोह होतो. तेवढं थांबा. इथे पोटॅशियम जास्तीकडून कमीकडेच चाललेला असतो, प्रकाशाने फक्त वेग बदलतो. पंप म्हणायचा असेल तर दोन्ही भुजांत सारखंच द्रावण घेऊन सुरुवात करा, आणि प्रकाशाने एका बाजूला पोटॅशियम साठतो का ते पाहा.