रिटर्नला बसण्याआधी फंडाचे किरकोळ व्यवहार गोळा करा

पगारदारांसाठी लिहितेय. फॉर्म १६ आहे, दोन-तीन एसआयपी चालू आहेत, शेअरबाजाराच्या वाटेला जात नाही, त्यामुळे ‘आपलं काय, सहज फॉर्म (आयटीआर-१), अर्ध्या तासाचं काम’ असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी. पॅन, आधार, बँकेचा तपशील हाताशी असेलच, ते सोडून देते.

जूनचा मध्य उलटल्याशिवाय सुरुवात करू नका. म्युच्युअल फंडांच्या व्यवहारांची माहिती प्राप्तिकर खात्याकडे पोचवायची मुदतच ३१ मे असते आणि फॉर्म १६ यायला १५ जून उजाडतो. एप्रिलमध्ये एआयएस (प्राप्तिकराच्या पोर्टलवरचा तुमच्या वर्षभराच्या व्यवहारांचा गोषवारा) उघडाल तर ते अर्धंमुर्धंच दिसणार. आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. तेव्हा नौपाड्यातला सीए फोन उचलत नाही आणि उचलला तरी ‘स्टेटमेंटं आणलीत का?’ एवढंच विचारतो.

तर स्टेटमेंटं. कॅम्स आणि केफिनटेक या फंडांच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपन्या, दोन्हींच्या साइटवरून ‘कॅपिटल गेन स्टेटमेंट’ (विक्री आणि नफ्याचा हिशोब) मागवा. दोन्हींकडून, कारण तुमचा एक फंड इथे असतो आणि दुसरा तिथे. एमएफ सेंट्रलवर एकत्रही मिळतं. वर्ष निवडताना मागचं आर्थिक वर्ष निवडा, चालू नको. ई-मेलवर दर महिन्याला येणारं सीएएस, म्हणजे सगळ्या फंडांचं एकत्रित स्टेटमेंट, चालणार नाही, त्यात नफा काढून दिलेला नसतो. युनिट डीमॅटमध्ये असतील तर ब्रोकरच्या ॲपवरून टॅक्स पी अँड एल (करासाठीचा नफा-तोटा अहवाल) वेगळं काढा.

आता मुद्द्याचं. बँकेचं पासबुक बघून ‘मी यंदा काही विकलं नाही’ असं ठरवू नका. स्विच, म्हणजे एका योजनेतून दुसरीत उडी, ही विक्री. एसटीपी, म्हणजे ठरलेली रक्कम दरमहा आपोआप दुसऱ्या योजनेत वळवणं, ही दर महिन्याला एक विक्री. त्याच योजनेच्या रेग्युलर (एजंटमार्फतच्या) प्लॅनमधून डायरेक्टमध्ये (थेट) गेलात, तीही विक्री. एका योजनेतून निघालेला पैसा परस्पर दुसऱ्या योजनेत जातो, तुमच्या बँक खात्यात एक रुपया येत नाही, एसएमएस आला तरी आपण तो न वाचता पुसतो. प्राप्तिकर खात्याच्या लेखी मात्र विक्री झालेली असते.

ऐरोलीत आयटीत असलेल्या माझ्या भाच्याने बोनसचे पैसे लिक्विड फंडात टाकून तिथून दरमहा पाच हजार इक्विटीत वळवले होते. ‘मावशी, मी काहीच विकलेलं नाही गं,’ असं अगदी ठासून सांगत होता. स्टेटमेंट काढलं तर बारा ओळी. पहिल्या ओळीत पाच हजारांच्या विक्रीवर सत्तावीस रुपये नफा, दुसऱ्या ओळीत चोपन्नच्या आसपास, असं चढत चढत शेवटच्या ओळीत तीनशेच्या वर. वर्षाचा नफा दोन हजारांच्या घरात, पण एआयएसमध्ये विक्रीची रक्कम साठ हजार. त्याला हसायचं मला तोंड नव्हतं. आदल्या वर्षी माझंही घोडं याच स्विचपाशी अडलं होतं.

रक्कम चिल्लर असली तरी माफी नाही, आणि त्या सत्तावीस रुपयांनी फॉर्म बदलतो. २०२५पासून सहजमध्ये इक्विटीचा (शेअरमध्ये गुंतवणाऱ्या फंडांचा) लाँग टर्म, म्हणजे वर्षाहून जास्त ठेवलेल्या युनिटांवरचा, नफा सव्वा लाखापर्यंत दाखवता येतो, मागचा तोटा ओढत आणला नसेल तर. शॉर्ट टर्म मात्र एक रुपयाही नाही. १ एप्रिल २०२३पासून घेतलेल्या लिक्विड किंवा डेट फंडाचा (कर्जरोख्यांत गुंतवणाऱ्या) नफा, युनिट कितीही वर्षं ठेवलेले असोत, शॉर्ट टर्मच धरला जातो आणि तुमच्या स्लॅबने कर लागतो. म्हणजे लिक्विड फंडातून एसटीपी असेल तर सहज नाही, आयटीआर-२ हा मोठा फॉर्म. चुकीचा फॉर्म भरला तर ‘डिफेक्टिव्ह’ म्हणून नोटीस येऊ शकते आणि दुरुस्तीला पंधरा दिवस मिळतात. दोन हजारांच्या नफ्यासाठी हा व्याप कुणी सांगितलाय?

याच जातीचा दुसरा प्रकार म्हणजे लाभांश परत त्याच योजनेत गुंतवला जाणारा पर्याय. तोही खात्यात येत नाही, पण एप्रिल २०२०पासून लाभांश तुमच्या हातात करपात्र आहे. ‘इतर उत्पन्ना’त टाका. टीडीएस कापला असेल तर २६एएसमध्ये (तुमच्या नावे जमा झालेल्या कराचा तक्ता) दिसेल, तो वसूल करा. दोन योजनांचं विलीनीकरण झालं असेल तर मात्र घाबरू नका. इक्विटीची योजना इक्विटीत किंवा डेटची डेटमध्ये मिसळली तर ती विक्री नव्हे, जुनी तारीख आणि जुनी किंमत पुढे चालते. विलीनीकरण फंडाने केलं, स्विच तुम्ही केला, हा फरक आहे. पुन्हा सांगते, स्विच म्हणजे विक्री.

अल्पवयीन मुलाच्या नावचा फोलिओ (फंडातलं खातं) असेल तर त्याचा नफा आई-वडिलांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्या रिटर्नमध्ये जातो. संयुक्त फोलिओ एआयएसमध्ये पहिल्या नावाखाली दिसतो. नवरा-बायकोने आपापली एआयएस शेजारी ठेवून बघा.

स्टेटमेंट आणि एआयएस ओळीला ओळ लावा. एआयएसमध्ये काही चुकीचं असेल तर तिथेच फीडबॅक द्या, पण असलेली विक्री ‘माझी नाही’ म्हणून नाकारण्याआधी, परत एकदा, स्विच तपासा.

भरताना: डेटचा नफा शॉर्ट टर्मच्या ‘इतर मालमत्ता’ भागात, इक्विटीच्या वीस टक्केवाल्या रकान्यात नव्हे. इक्विटीचा लाँग टर्म नफा फॉर्ममधल्या ‘११२ए’ नावाच्या तक्त्यात. खाली तारखांनुसार विभागणी मागतात (१५ जूनपर्यंत, १५ सप्टेंबरपर्यंत, १५ डिसेंबर, १५ मार्च, ३१ मार्च), तिची बेरीज वरच्या नफ्याशी जुळली नाही की फॉर्म पुढे सरकत नाही. हे घरी बसून करा. लोकलमध्ये करायला जाल आणि पारसिक बोगद्यात ओटीपी अडकेल.

तोटा असेल तरी दाखवा, मुदतीत भरलं तर आठ वर्षं पुढे नेता येतो. कर निघत असेल तर आधी चलन, मग सबमिट. तीस दिवसांत ई-व्हेरिफाय. स्टेटमेंटं फोल्डरमध्ये ठेवा. आणि एसटीपी अजून चालू असेल तर पुढच्या वर्षीही हेच सगळं करायचंय.