एकच पीस, वेगवेगळे पाइप ऑर्गन: वाजवायचा कसा, रेकॉर्ड करायचा कसा

आधी एक घोळ मिटवून टाकू. आपल्या संगीत नाटकांत ज्याला ऑर्गन म्हणायचे ती पायपेटी, म्हणजे पायाने भाता मारायचा आणि आत पितळेचे सूर. पाइप ऑर्गनचं प्रकरण वेगळं. मी लहानपणी पेटी शिकलोय त्यामुळे पहिल्यांदा चर्चमधल्या ऑर्गनवर बसलो तेव्हा समेला जोर द्यायचा म्हणून पट्टी दणकन दाबली, आणि काहीच झालं नाही, आवाज तेवढाच! पेटीत भात्याने जोर येतो, इथे हवा मशीन देतं आणि पाइप एकतर वाजतो नाहीतर गप्प बसतो. मग जोर आणायचा कुठून? तर स्वराच्या आधी सोडलेल्या जागेतून. आधीचा स्वर किंचित लवकर सोडला की पुढचा आपोआप ठळक ऐकू येतो. ऑर्गनवरचं निम्मं इंटरप्रिटेशन हे बोट कधी उचलायचं यातच आहे.

आता ती जागा किती सोडायची हे मात्र घरी ठरवून उपयोग नाही, कारण ते ऑर्गन आणि चर्च दोघं मिळून ठरवतात. उदाहरणाला एकच पीस घेऊ, बाखचा बीडब्ल्यूव्ही ६३९ (बीडब्ल्यूव्ही म्हणजे बाखच्या रचनांच्या यादीतला नंबर), ‘इश रूफ त्सू दिर’. एफ मायनर, तीनच आवाज: उजव्या हातात संथ चाल, डाव्यात सलग सोळाव्या भागाचे स्वर, पायाने वाजवायच्या कीबोर्डवर बास. नोट्स फार अवघड नाहीत, त्यामुळे फरक कुठे पडतो ते चांगलं कळतं.

नव्या ऑर्गनपाशी गेलात की लगेच वाजवायला बसू नका. सोबत कोणालातरी न्या, त्याला डाव्या हाताच्या चार ओळी वाजवायला लावा आणि तुम्ही खाली जाऊन चर्चच्या मधोमध उभे राहा. वादकाच्या बाकावरून जे ऐकू येतं त्यावर अजिबात विश्वास ठेवू नका. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे १० मीटरवरचा पाइप तुमच्या कानाला ३० मिलिसेकंद उशिरा लागतो, वर चर्चचा घुमारा चार-पाच सेकंदांचा असेल तर ते सोळाव्याचे स्वर खाली पोचेपर्यंत पिठलं झालेलं असतं. मग लय कमी करा नाहीतर डावा हात जास्त तोडून वाजवा, मी आधी तोडून बघतो. विदोर या फ्रेंच संगीतकाराची प्रसिद्ध टोकाटा (ऑर्गनचा वेगवान पीस) आजकाल सगळे पळवतात, पण त्याने स्वतः १९३२ मध्ये पॅरिसच्या सॅं-सुल्पिसमध्ये रेकॉर्ड केली ती चांगली संथ आहे. तेव्हा तो ८८ वर्षांचा होता म्हणून, असं लोक म्हणतात, पण त्या इमारतीत साठेक वर्षं काढलेला माणूस तिचा घुमारा ओळखून असणार असं मला तरी वाटतं.

मग रजिस्ट्रेशन, म्हणजे कुठले स्टॉप ओढायचे. स्टॉप म्हणजे पाइपांचा एकेक संच चालू करायची खुंटी. पेटीत खर्ज आणि नर असतात तसंच समजा: ८ फुटी म्हणजे लिहिलाय तो स्वर, ४ फुटी एक सप्तक वर, १६ फुटी एक सप्तक खाली. हॅम्बुर्गच्या सांक्ट याकोबी चर्चमध्ये आर्प श्निटगर या कारागिराचा १६९३ चा ऑर्गन आहे, चार कीबोर्ड, ६० स्टॉप. (बाखने १७२० मध्ये याच चर्चच्या नोकरीसाठी प्रयत्न केला होता, जमलं नाही.) अशा बरोक ऑर्गनवर एका कीबोर्डवर एकच ८ फुटी स्टॉप लावायचा, चार-चार ८ फुटी एकत्र ओढले तर हवा पुरत नाही आणि आवाज जाड, मातकट होतो. चालीला एकटा प्रिन्सिपाल (ऑर्गनचा मुख्य स्टॉप) आणि ट्रेम्युलंट (सूर थरथरवणारा), डाव्या हाताला बंद तोंडाच्या पाइपांचा गेडाक्ट, पायाला १६ आणि ८, बास्स.

सॅं-सुल्पिसच्या ऑर्गनला, म्हणजे काव्हाये-कॉल या फ्रेंच कारागिराच्या १८६२ च्या अवाढव्य मशीनला, हा नियम लागूच होत नाही. तिथे ८ फुटी स्टॉप एकमेकांत मिसळावेत म्हणूनच बनवलेत. वर रेसी नावाचा कीबोर्ड असतो, त्याचे पाइप एका पेटाऱ्यात बंद असतात आणि पायाने झडपा उघडल्या की आवाज वाढतो. या धाटणीच्या ऑर्गनवर मी ६३९ ची चाल रेसीवरच्या ओबोवर वाजवतो आणि झडपा अगदी थोड्याच हलवतो. सारख्या उघडझाप केल्या की बाख सिनेमातला वाटायला लागतो.

ट्यूनिंगचं मात्र आधी विचारून ठेवा! जुन्या ऑर्गनवर मीनटोन नावाचं जुन्या पद्धतीचं किंवा त्याच्या जवळपासचं ट्यूनिंग असतं, त्यात काही स्केल मधासारखे गोड आणि काही चक्क आंबट लागतात, आणि एफ मायनर आंबटातला कारण त्याला ए फ्लॅट लागतो आणि तिथे पट्टी जी शार्पसाठी लावलेली असते. पेटीच्या सुरांवरून आपल्याकडे किती भांडणं झाली, हे तेच भांडण, फक्त तीनशे वर्षं जुनं. सुराची पट्टीही वेगळी असते. याकोबीच्या ऑर्गनचा ए साधारण ४९५ हर्ट्झला आहे, म्हणजे पांढरी चारमध्ये वाजवाल आणि ऐकू येईल पांढरी पाच. शिवाय कीबोर्डवर सगळ्यात खालचा सी शार्पच नाही. असे गायब स्वर आधीच नोटेशनवर पेन्सिलने गोल करून ठेवा, आयत्या वेळी पाय हवेत राहतो.

आता रेकॉर्डिंग. दोन ओम्नी (सगळ्या बाजूंनी ऐकणारे) कंडेन्सर माइक घ्या, कारण खालचे सूर ओम्नीच नीट पकडतात. दोघांत अर्धा ते एक मीटर अंतर, स्टँड तीन-चार मीटर उंच, ऑर्गनपासून आठ-दहा मीटरवर ठेवून सुरुवात करा आणि मग हेडफोन लावून पुढेमागे सरकवा. डावा हात कळत नसेल तर पुढे, पाइप एकेकटे सुटे ऐकू यायला लागले तर मागे. इथे एक गंमत होते. जर्मन, डच ऑर्गनमध्ये वादकाच्या पाठीमागे गॅलरीच्या कठड्यावर एक छोटा ऑर्गन असतो, ऱ्युकपॉझिटिव्ह, तो माइकच्या अगदी जवळ येतो. चाल त्याच्यावर वाजवली की समोर येऊन गायल्यासारखी रेकॉर्ड होते, भले वाजवताना तुम्हाला ती पाठीमागून पुसट ऐकू येत असेल. फ्रेंच रेसी बऱ्याचदा उंचावर किंवा मागे असतो, तिथे तीच चाल लांब जाते. म्हणजे माइक हलवला की रजिस्ट्रेशन परत तपासायचं, दोन्ही कामं एकाच वेळी चालतात, हे मला कळायला फार उशीर लागला.

लेव्हल लावताना आधी त्या दिवसातलं सगळ्यात जोरात जे वाजणार ते वाजवा, पीक उणे १० डीबीच्या आसपास ठेवा, आणि मग नॉबला हात लावू नका. २४ बिट पुरे. रेकॉर्डरवरचा लो कट (खालचे सूर कापणारा फिल्टर) बंद आहे ना ते दोनदा बघा. मी एकदा अख्खी संध्याकाळ ८० हर्ट्झचा लो कट चालू ठेवून रेकॉर्ड केलं. १६ फुटी पाइपचा सगळ्यात खालचा सी ३३ हर्ट्झच्या जवळ असतो, घरी येऊन ऐकतो तर बासचा पायाच गेलेला! मोबाइलच्या स्पीकरवर हे कळत नाही, तिथे बास तसाही नसतो, त्यामुळे चेक करायचं ते हेडफोनवरच.

तापमान लिहून ठेवा. एका डिग्रीला साध्या पाइपांचा सूर साधारण ३ सेंट (सेंट म्हणजे शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग) हलतो, ट्रम्पेट, ओबोसारखे जिभेचे पाइप मात्र जवळजवळ तिथेच राहतात, म्हणून हिवाळ्यात हीटर बंद झाल्यावर तासाभरात ऑर्गन स्वतःशीच बेसूर होतो. संध्याकाळचा टेक (एका दमात केलेलं रेकॉर्डिंग) आणि रात्रीचा टेक जोडायला गेलात तर सांधा दिसणार. चूक झाली तर चुकलेल्या मापापासून (बारपासून) नाही, दोन मापं आधीपासून परत वाजवा, म्हणजे मागचा घुमारा त्या टेकमध्ये असतो आणि जोड लपतो. शेवटचा कॉर्ड सोडल्यावर आवाज पूर्ण मरेपर्यंत बाकावर हलू नका, पान उलटू नका, ‘झालं का?’ असं तर अजिबात विचारू नका. नुसत्या ब्लोअरचा, म्हणजे हवा देणाऱ्या मशीनचा, मिनिटभर आवाजही घेऊन ठेवा, एडिटिंगला लागतो. घड्याळाचे टोल दर पाव तासाला पडत असतील तर टेकचं टाइमटेबल त्यांच्या हिशोबाने. कम्प्रेसर लावू नका, झडपा उघडून कमावलेलं सगळं तो सपाट करतो.

चर्च मिळत नसेल तर हाउप्टवेर्कसारखं सॉफ्टवेअर आहे, त्यात खऱ्या ऑर्गनचा एकेक पाइप सॅम्पल केलेला असतो. सरावाला उत्तम. फक्त सॅम्पल सेट ‘वेट’ असेल तर चर्चचा घुमारा आतच असतो, वर आणखी रिव्हर्ब ओतू नका. आणि तिथे बसवलेली लय खऱ्या चर्चमध्ये जशीच्या तशी चालेल असं धरून जाऊ नका.

निघताना वहीत स्टॉप, माइकची उंची, अंतर, डिग्री सगळं टिपून घ्या, पुढच्या वेळी स्टँड नेमका कुठे होता ते आठवत नाही. ब्लोअर बंद केला ना तेही बघा. मी एकदा रात्रभर चालू ठेवून आलो होतो, सकाळी चर्चवाल्या आजोबांचा फोन.