मगर नक्की चालते कशी?

मुलांच्या गोष्टी इंग्रजीत न्यायला लागले तेव्हा पहिला फटका मगरीनेच दिला. २०२४च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीला पूर आला आणि मगरी बडोद्याच्या वस्त्यांत शिरल्या, त्यावरची छोटीशी गोष्ट होती. 'मगर रस्त्यावरून सरपटत गेली' याचं मी 'स्लिदर्ड' करून मोकळी झाले. संपादकांनी समासात एवढंच लिहिलं: पोट जमिनीला टेकलं होतं का?

मला काय माहीत! आत्याच्या सोसायटीत मगर आली होती, तिला फोन लावला. "टेकतंय कुठलं, अगं! चारही पायांवर उभी राहून चालत होती. माणसं ओरडली तेव्हा बसली खाली."

पोट उचलून चालण्याच्या या पद्धतीला प्राणिशास्त्रात 'हाय वॉक' म्हणतात. 'स्लिदर' म्हणजे अंग घासत, घसरत जाणं. सापाला चपखल, काठावरून पाण्यात उतरणाऱ्या मगरीलाही चालेल, रस्त्यावरच्या मगरीला नाही. शाळेत 'सरपटणारे प्राणी' पाठ केल्यामुळे हात आपोआप तिकडे गेला. शेवटी साधं 'वॉक्ड' ठेवलं, आणि तेच शोभलं.

आपल्याकडे क्रियापद साधं असतं, गंमत त्याच्या आधीच्या शब्दात: उंदीर तुरुतुरु पळतो, बदक डुलत चालतं. इंग्रजीत ती गंमत क्रियापदाच्याच पोटात जाते: 'स्करी', 'वॉडल'. कुठे गेला ते क्रियापदानंतरचा छोटा शब्द सांगतो. 'तुरुतुरु पळत बिळात शिरला' यात आपली दोन क्रियापदं खर्च होतात, तिथे 'स्करीड इंटू'त भागतं. नवखी मंडळी 'रॅन क्विकली विथ स्मॉल स्टेप्स' लिहितात. व्याकरण चोख, उंदीर मेलेला.

दबकत जाणाऱ्या मांजराचं तर आधी मन ओळखावं लागतं. समोर चिमणी असेल तर 'स्टॉक', दूध सांडून काढता पाय घेत असेल तर 'स्लिंक'. घोड्याचं त्या मानाने सोपं, टापा मोजायच्या: 'ट्रॉट'चे दोन ठोके, 'कँटर'चे तीन, 'गॅलप'चे चार. हत्तीला मात्र 'गॅलप' लावू नका. कितीही वेगात असला तरी त्याचे चारही पाय एकदम जमिनीवरून सुटत नाहीत. अंगावर येत असेल तर 'चार्ज्ड' लिहा.

शंका आली की मी 'कोका' या अमेरिकन इंग्रजी मजकुरांच्या ऑनलाइन संग्रहात प्राण्याचं नाव टाकते आणि आजूबाजूची क्रियापदं बघते. समानार्थी शब्दांच्या याद्यांवर माझा विश्वास नाही, त्यात 'स्लिंक' आणि 'स्टॉक' शेजारीशेजारी नांदतात. त्याआधी प्राणी बघून घ्या. बडोद्याची कमाटीबाग १८७९पासून आहे, प्राणिसंग्रहालयही तिथेच. वही घेऊन बाकावर बसायचं.

काल तिथे एक खार कडुनिंबावर सुर्रकन चढली आणि मध्येच थबकली. 'डार्टेड अप'पर्यंत जमलं. 'थबकली'पाशी अडलेय: 'पॉज्ड' फार निवांत वाटतं, 'फ्रोझ'मध्ये भीती आहे, आणि ही तर मजेत होती.