सूज उतरली म्हणून गोळ्या बंद? लेकराच्या किडनीच्या आजारात या चुका टाळा

माझा भाचा चार वर्षांचा होता. सकाळी उठला की डोळे सुजलेले, दुपारपर्यंत पुन्हा नीट. आम्ही आठ दिवस डोळ्यांत थेंब घातले, आजीने मीठमिरची ओवाळली. शेजारीण तर म्हणाली, लेकरू बाळसं धरतंय! चड्डीचं इलॅस्टिक पोटात रुतून वळ उठायला लागले, तेव्हा कुठे लघवी तपासली. प्रोटीन चार प्लस, म्हणजे खूपच जास्त. नेफ्रोटिक सिंड्रोम. किडनीची गाळणी सैल पडते, रक्तातलं प्रोटीन लघवीवाटे जातं आणि पाणी अंगात साठतं. डोळ्यांची सूज दोन-तीन दिवस टिकली तर आधी लघवी तपासा.

खरी चूक होते ती बरं वाटल्यावर. बहुतेक लेकरांची लघवी प्रेडनिसोलोन या स्टेरॉईडच्या गोळ्यांनी दोन-चार आठवड्यांत साफ होते, सूज जाते, आणि घरचे गोळ्या थांबवतात. भारतातल्या बालकिडनीतज्ज्ञांच्या 2021 च्या मार्गदर्शनानुसार पहिल्या खेपेला सहा आठवडे रोज आणि पुढचे सहा आठवडे दिवसाआड गोळी द्यायची असते. आपल्याकडे बीड, धारूरची माणसं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात. मुकादमाची उचल घेतलेली, थांबता येत नाही. लेकरू उसाच्या फडावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, आणि गोळ्या गावाकडं. या गोळ्या एकदम तोडणं धोक्याचं आहे, कारण शरीराचं स्वतःचं स्टेरॉईड तोवर झोपी गेलेलं असतं. निघण्याआधी डॉक्टरांना तारीख सांगा, पुरतील तेवढ्या गोळ्या घ्या आणि चिठ्ठीचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा.

याउलट काही जण आजार परत येऊ नये म्हणून मनानेच डोस लांबवतात. भारतात पाच केंद्रांवर 181 मुलांमध्ये तीन आणि सहा महिन्यांच्या उपचाराची तुलना झाली. 2015 च्या त्या निष्कर्षांत जास्त गोळ्यांनी आजार उलटणं कमी झालं नाही. ब्रिटनमधल्या 2019 च्या प्रेडनॉस अभ्यासातही लांबवलेल्या कोर्सने पहिलं उलटणं पुढे ढकललं गेलं नाही. लेकराचं तोंड मात्र गोल होतं आणि उंची खुंटू शकते.

मग भरवसा कशावर ठेवायचा? वहीवर. रोज सकाळची पहिली लघवी प्रोटीन दाखवणाऱ्या पट्टीने तपासून तारखेसमोर लिहा. पट्टीचा रंग डब्यावर दिलेल्या वेळेलाच बघा; चहा पिऊन आल्यावर बघाल तर उगाच गडद दिसेल. आमच्या घरी पत्र्याखाली मे महिन्यात डबा उघडा राहिला आणि पट्ट्या वाया गेल्या. पट्ट्या परवडत नसतील तर परीक्षानळीत लघवीचा वरचा भाग तापवा. गढूळ झाला तर व्हिनेगरचे दोन-तीन थेंब टाका. गढूळपणा गेला तर ते क्षार, राहिला तर प्रोटीन. सलग तीन दिवस तीन प्लस किंवा जास्त आलं तर आजार उलटलाय, सूज असो-नसो. तापात एखाद्या दिवशी दोन प्लस आलं म्हणून घाबरू नका, रोज तपासत राहा.

सूज असेपर्यंत लोणचं, पापड, कुरडया बंद. सूज गेली की घरातलं साधं जेवण चालतं. ताकद यावी म्हणून अंड्यांचा मारा करण्याची गरज नाही. स्टेरॉईडचा मोठा डोस चालू असताना कुठलीही लस विचारल्याशिवाय देऊ नका, आणि घरात कुणाला कांजिण्या निघाल्या तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. सुजलेल्या लेकराला ताप आला आणि पोट दुखू लागलं तर ओवा-हिंग देत रात्र काढू नका. पोटात जंतुसंसर्ग झालेला असू शकतो, त्याच रात्री दवाखाना गाठा. वही सोबत घ्या.